शुक्रवारी रात्री ठरलं, शनिवारी पहाटे निघालो : गाडीने रत्नागिरीला जाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर पुण्याचं, सासर रत्नागिरीचं. त्यामुळे सुट्टी जोडून आली की शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास माझा फोन वाजायला लागतो. "अगं, उद्या पहाटे रत्नागिरीला निघतोय, पटकन सांग काय काय बघू?" विचारणारा माणूस त्या वेळी एका हाताने बॅगेत मोजे कोंबत असतो. (समुद्रावर मोजे कशाला, हे मी विचारत नाही.) तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून सगळे प्रश्न एकदाचे लिहून काढलेत. आता फोन आला की मी हेच पाठवणार.

काहीच ठरवलेलं नाही. तरी निघू का?

निघा. रत्नागिरीला सहा महिने आधी आरक्षण करून जायचं काही कारण नाही. फक्त तीन गोष्टी निघण्याआधी पक्क्या करा. पहिल्या रात्रीची खोली, घाट दिवसाउजेडी उतरेल अशी निघण्याची वेळ, आणि त्या दिवशीची तिथी. तिथी कशाला, ते पुढे सांगते. बाकी सगळं तिथे पोचल्यावर सुचेल तसं.

२५ डिसेंबर ते १ जानेवारी, मे महिन्यातले शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी, एवढे दिवस मात्र खोली मिळाल्याशिवाय गाडीची किल्ली हातात घेऊ नका.

दोन दिवसांत गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि मालवण होईल ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचं उत्तर कोणालाच आवडत नाही. "मालवण करून येऊ" असं लोक "काशी करून येऊ"च्या चालीवर म्हणतात. रत्नागिरीहून मालवणला जायलाच चार तास धरा. दोन दिवसांतले नऊ तास वाटेतच गेले, तर समुद्र काचेतूनच दिसणार.

माझं मत स्पष्ट आहे. अवचित ठरलेल्या सहलीला एकच गाव धरावं, आणि ते रत्नागिरी शहर असावं. बहुतेक लोक शहराला वळसा घालून थेट गणपतीपुळ्याला जातात, दर्शन घेतात, उंटावर बसतात आणि परत येतात. मग म्हणतात, "रत्नागिरीला जाऊन आलो." अहो, तुम्ही हातखंब्याच्या फाट्यापर्यंत जाऊन आलात!

पुण्याहून कोणत्या वाटेने जायचं?

मुख्य वाटा तीन.

आम्ही नेहमी जातो ती आंबा घाटाची. पुणे, सातारा, कराड, पुढे पाचवड फाट्यावरून आत वळून ओंड, उंडाळे, कोकरूड, मलकापूर, मग आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. कराडपर्यंत महामार्ग, त्यानंतर उसाची शेतं, आणि मलकापूर सोडलं की हवा बदलते. घाट उतरला की माती लाल होते, घरांवर कौलं दिसायला लागतात आणि मागच्या सीटवरचं कोणीतरी "आलं का?" विचारतं. अजून नाही आलं, तास-सव्वा तास आहे. मलकापूर ते रत्नागिरी हा रस्ता मिऱ्या-नागपूर महामार्गाचा भाग आहे आणि त्याच्या रुंदीकरणापायी साखरपा-पालीकडे वळणरस्त्यांवरून जावं लागलं की वेळेचं गणित बिघडतं.

दुसरी कुंभार्ली घाटाची. कराडवरून पाटण, कोयनानगर, घाट उतरून पोफळी, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा. चिपळूणला थांबायचं असेल किंवा संगमेश्वरजवळच्या कसब्यात कर्णेश्वराचं देऊळ बघायचं असेल तर ही घ्या. या घाटात मालाचे ट्रक भरपूर असतात.

तिसरी ताम्हिणीची. माणगावला उतरून मुंबई-गोवा महामार्गाने महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण. पावसाळ्यात ताम्हिणीत धबधब्याखाली नाचणाऱ्यांच्या गाड्या दुतर्फा उभ्या असतात, तेव्हा शनिवारी सकाळी या वाटेला जाऊ नये.

मुंबईकरांना पर्याय एकच, राष्ट्रीय महामार्ग ६६, म्हणजे जुना १७. त्याच्या चौपदरीकरणावर मी काही बोलत नाही, सगळं बोलून झालेलं आहे. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पाऊण तासाचा घाट दहा-पंधरा मिनिटांवर आला, एवढं मात्र खरं. कोल्हापूरकर सर्वांत सुखी, १३० किलोमीटर आणि तोच आंबा घाट.

एक सूचना. घाटमाथ्यावर मोबाइलची रेंज जाते आणि मॅप कधीकधी "आठ मिनिटं वाचतील" म्हणून एखाद्या वाडीच्या रस्त्यात घालतो. तिथे दोन्ही बाजूंना जांभ्याच्या दगडांचे गडगे असतात आणि समोरून एसटी येते. मागे कोण जाणार, हा प्रश्नच नसतो. तुम्हीच.

किती वाजता निघायचं?

पहाटे साडेचार, फार तर पाच. सुट्टीच्या शनिवारी सात वाजल्यानंतर खंबाटकीत गाड्यांची माळ लागते, आणि त्या माळेत एकदा अडकलात की सकाळ गेली. पाचला निघालात तर साडेआठच्या आत कराडला नाश्ता, अकराच्या सुमाराला आंबा घाट, एक-दीडपर्यंत जेवणाच्या ताटावर.

"ऑफिस सुटल्यावर शुक्रवारीच निघू, रात्रीतून पोचू" हा बेत ऐकला की मी फोनवरच नको म्हणते. दिवसभर काम केलेला माणूस रात्री एक वाजता आंबा घाटात उतरतोय, वर धुकं आणि समोरून उसाची नाही तर चिऱ्याची गाडी! अगदीच राहवत नसेल तर रात्री कराडपर्यंत जा, तिथे झोपा आणि उजाडल्यावर घाट घ्या.

घाटात चालवायची भीती वाटते. काय करू?

थोडी भीती असलेली बरी. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं; म्हणजे बहुतेक दुसऱ्या, सपाट टप्प्यात तिसऱ्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत जळका वास येतो. तसा वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, दहा-पंधरा मिनिटं गाडी निवू द्या, चाकांवर पाणी ओतू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर "एल" किंवा मॅन्युअल मोड कसा लावायचा ते घरी असतानाच बघून ठेवा. घाटात पुस्तिका उघडून बसायची वेळ येऊ नये.

चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि पुढे एसटी मिळाली तर नशीब समजा. तिला ओलांडायला जाऊ नका, अंतर ठेवून मागोमाग जा. त्या ड्रायव्हरला प्रत्येक वळण तोंडपाठ असतं.

माकडांना खाऊ घालायला काच खाली करू नये. आमच्या गाडीतून अख्खा पुडा गेलाय, आणि तो पुडा बाकरवडीचा होता.

मुलांना गाडी लागते.

उपाशीपोटी नेऊ नका आणि तुडुंब खायलाही घालू नका. कराडला कोरडं काहीतरी, इडली किंवा पोहे. दूध नको. मलकापूर सोडल्यावर मोबाइल काढून घ्यायचा, काचा थोड्या खाली, आलेपाक किंवा आवळा सुपारी तोंडात. गोळी द्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. घाटात दिली तर ती गोळीही बाहेर येते. आणि पिशव्या सीटच्या खिशात हव्यात, डिकीत ठेवून उपयोग नाही.

वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहं आहेत का?

कराडपर्यंत मोठी हॉटेलं आहेत, काळजी नाही. कराड सोडलं की मात्र संख्या झपाट्याने कमी होते. मलकापूरला पेट्रोल भरता भरता पंपावर जाऊन या, हाच त्यातल्या त्यात बरा उपाय. घाटात आडोसा शोधत बसायला नको.

राहायचं कुठे?

समुद्राची गाज ऐकत झोपायचं असेल तर मांडवी किंवा भाट्याच्या बाजूला. चांगलं जेवण, बाजार, औषधाचं दुकान हाताशी हवं असेल तर मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ या पट्ट्यात. सुट्टीचा हंगाम सोडला तर साधी स्वच्छ खोली दोन-तीन हजारांत मिळते. फोन करताना दोनच प्रश्न विचारा. गाडी आत लावता येते का, आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं. "समुद्र दिसतो का" असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात. काही ठिकाणी तो गच्चीवर जाऊन टाचा उंचावल्यावर दिसतो.

तुमच्या सासरी एखादी खोली...

नाही. सासूबाई कोणालाही नाही म्हणत नाहीत, म्हणून मी आधीच म्हणून टाकते.

समुद्र कधी बघायचा? आणि ते तिथीचं काय?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

लोक सूर्यास्ताची वेळ बघून जातात, भरती-ओहोटी बघत नाहीत. मग कोणी येऊन म्हणतं, "अगं, तिथे पुळणच नव्हती, सगळं पाणी." दुसरं म्हणतं, "केवढा लांब गेला होता समुद्र!" किनारा तोच, तिथी वेगळी.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीत सासऱ्यांनी मला भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर उभं करून हिशेब शिकवला. पक्षातली तिथी घ्यायची आणि तिचं पाऊणपट करायचं. जो आकडा येतो, त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराचं पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचं पाऊणपट सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे पहाटे सहा तशी संध्याकाळीही सहा, थोडं पुढेमागे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढं पुरतं. दर दिवशी भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते ती या पाऊणपटीतूनच दिसते, कारण पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर भरती दुपारी, ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. म्हणजे सूर्य मावळताना किनारा लांबवर उघडा, ओल्या वाळूत आकाश उतरलेलं, पोरांना पळायला मैदान. अष्टमीच्या आसपास गेलात तर सूर्यास्ताला पाणी वर आलेलं. तेव्हा किनाऱ्यावर चालायचं ते सकाळी दहा-अकराला, आणि संध्याकाळी रत्नदुर्ग किल्ल्यावर किंवा थिबा पॉइंटला जाऊन वरून बघायचं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीची भांगाची, तिचा पसारा कमी.

गाडी पुळणीवर नेली तर चालेल का?

नेऊ नका. माझ्या सख्ख्या भावाने नेली होती.

भाट्याला, सुरूच्या बनाच्या पुढे. दुपारी बाराची वेळ, पाणी लांब, वाळू रस्त्यासारखी कडक. फोटो काढून झाले, जेवणाचा डबा उघडला, तासाभराने निघायला गेलो तर मागचं चाक जागेवर फिरायला लागलं. दादा ॲक्सिलरेटर दाबत होता तसतशी गाडी बसत गेली. पावणेतीनला पाणी आमच्याकडे यायला लागलं. त्या दिवशी अष्टमी होती, हे मला तेव्हा आठवलं. चार पोरं क्रिकेट सोडून धावत आली. त्यांनी दादाला आधी स्टिअरिंगवरून उठवलं. हातांनी चाकापुढची वाळू काढली, नारळाच्या दोन सुक्या झावळ्या चाकांखाली सरकवल्या, टायरमधली निम्मी हवा सोडली आणि एकाने पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटर जवळजवळ न दाबता, गाडी अलगद बाहेर काढली. पैसे घेतले नाहीत. "फक्त परत आणू नका," एवढंच म्हणाले. पुण्याला आल्यावर गॅरेजवाल्याने खालून खाऱ्या पाण्याने धरलेला गंज दाखवला, ते वेगळं.

पोहता येईल का?

गुडघाभर पाण्यात उभं राहता येईल. गणपतीपुळे आणि आरे-वारे, दोन्हीकडे माणसं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात, आणि बुडणाऱ्यांत पोहता येणारेच बरेच असतात. तलावात पोहणं वेगळं; इथे लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. पावसाळ्यात पायही भिजवू नका. स्थानिक माणूस "इथे नको" म्हणाला तर वाद घालू नका.

पांढरा समुद्र आणि काळा समुद्र ही काय भानगड आहे?

पाणी एकच, वाळू वेगळी. मांडवीच्या बाजूची वाळू काळसर, मिऱ्याकडच्या किनाऱ्याची पांढरट. रिक्षावाल्याला "पांढऱ्या समुद्रावर" म्हटलं की तो बरोबर सोडतो.

शहरात बघण्यासारखं आहे तरी काय?

थिबा राजवाड्यापासून सुरुवात करा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला बायका-मुलींसह रत्नागिरीत आणून ठेवलं. मंडाले कुठे आणि रत्नागिरी कुठे! समोर दिसणारा जांभ्याचा, अर्धगोल लाकडी खिडक्यांचा राजवाडा त्याला मिळाला तो १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये थिबा इथेच वारला. बरोबर त्याच काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रजांनी दोन गावांची माणसं अदलाबदल करून ठेवली होती म्हणा ना. थिबाची नात टूटू पुढे इथेच राहिली, मराठी माणसाशी लग्न करून, मराठी बोलत. राजवाड्यातल्या संग्रहालयापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. राजवाडा सोमवारी बंद असतो. तिथून जवळच थिबा पॉइंट. खाली काजळी नदीचं मुख, भाट्याचा पूल आणि राजिवड्याच्या होड्या दिसतात.

टिळक आळीत टिळकांचं जन्मघर आहे. कौलारू, ओसरी असलेलं, आत गारवा. २३ जुलै १८५६ ही तारीख शाळेत पाठ केलेली असते, पण ती खोली बघितल्यावर तारखेला भिंती आणि उंबरा मिळतो. अर्धा तास पुरे.

पतितपावन मंदिर बाजाराजवळच. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात भागोजीशेठ कीर यांनी हे मंदिर बांधलं, १९३१ मध्ये, सर्व जातींना खुलं. आज कोणालाही सहज आत जाता येतं, म्हणून तेव्हा ते किती अवघड होतं हे चटकन लक्षात येत नाही.

रत्नदुर्ग, ज्याला गावात भगवती किल्ला म्हणतात, तिथे संध्याकाळी जा. तीन बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ. गाडी बरीच वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतं.

आणि एक जागा सहसा कोणी सांगत नाही, मिरकरवाडा बंदर. पहाटे लवकर जा, जुनी चप्पल घाला. बोटी लागलेल्या, बर्फाचा चुरा उडतोय, कोळिणी पाटीभोवती गोल करून उभ्या आणि लिलाव चाललेला. भाव कोणी कधी बोललं आणि माल कोणाला गेला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. वाटेत उभं राहून फोटो काढू नका, ढकलले गेलात तर सुरमईत पडाल.

कातळशिल्पं बघायला वेळ काढावा का?

एक सकाळ शिल्लक असेल तर नक्की. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे उघड्या जांभ्याच्या पठारावर, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी जमिनीत कोरून ठेवलेली प्रचंड चित्रं आहेत. उक्षीला हत्ती आहे. राजापूरकडे कशेळीला त्याहून कितीतरी मोठा, आणि त्याच्या पोटात आणखी प्राणी. कोणी कोरले आणि का, कोणालाही नक्की सांगता येत नाही. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरपं असलं की कोरीव रेषांत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी नुसता तापलेला कातळ दिसतो, आणि पावसाळ्यात गवत. शिल्पावर पाय देऊ नका, पाणी ओतू नका. कशेळीला गेलात तर कनकादित्याचं देऊळही करा, सूर्याची देवळं फार थोडी आहेत.

जेवायचं कुठे आणि काय?

नावं सांगत नाही, दर दोन वर्षांनी आचारी बदलतो आणि शिव्या मला बसतात. ओळखायचं कसं ते सांगते. दुपारी एकला जिथे बँकेतली आणि कोर्टातली माणसं जेवत असतील तिथे शिरा. "आज काय ताजं आहे?" विचारा. "सगळं आहे" असं उत्तर आलं तर उठा. "बांगडा घ्या, सुरमई काल आली" असं आलं तर बसा. बांगड्याला कमी लेखू नका. तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, वर सोलकढी, यापुढे पापलेटचा थाट फिका.

जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठी सुरमई समोर आली तर ती बर्फातली समजा आणि खाडीची मासळी आहे का विचारा.

शाकाहारी मंडळींची काळजी करू नका. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ, उन्हाळ्यात फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं तर बारमाही. घरगुती खानावळीत मोदक हवे असतील तर सकाळीच फोन करून सांगावं लागतं. आणि अडीचच्या पुढे कोणी ताट वाढेल अशी आशा नको, दुपारी अख्खं गाव झोपतं.

पावसाळ्यात अचानक निघालो तर?

कोकण सर्वांत सुंदर तेव्हाच असतं, आणि सर्वांत बेभरवशाचंही. जुलै २०२१ च्या पावसात आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता खचला आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, हे विसरू नका. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर जाऊ नका. ऑरेंज असेल तर आदल्या रात्री घाट चालू आहे का याची खात्री करा आणि वाटेत भाताच्या खाचरांवरून पाणी रस्त्यावर आलेलं दिसलं तर गाडी घालू नका. वायपरची रबरं बदलून घ्या. हे शंभर जणांना सांगितलं असेल, दोघांनी ऐकलं.

गणपतीत किंवा शिमग्यात जाऊ का?

गणपतीच्या आधीचे चार दिवस तो रस्ता चाकरमान्यांचा असतो, आपण मध्ये येऊ नये. हॉटेलातली पोरंही घरी गेलेली असतात. शिमग्यात मात्र जरूर जा. पालख्या निघतात, ढोल वाजतात. गावच्या रस्त्यावर पोरं दोरी आडवी धरून गाडी अडवतील आणि पोस्त मागतील. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा ठेवा आणि हसून द्या.

एकूण खर्च किती?

जाऊन-येऊन आणि तिथे फिरून ७०० किलोमीटर धरा. गाडी लिटरला १५ देत असेल तर ४७ लिटर, म्हणजे पेट्रोलचे पाच हजार. टोल वेगळा. चौघांचं दोन दिवसांचं जेवण मासे धरून चार-पाच हजार, खोल्यांचे तुमच्या आवडीप्रमाणे. पेट्रोल मलकापूरला भरून घ्या.

आंबे घ्यायचे आहेत. फसवणूक कशी टाळायची?

आधी महिना बघा. खरा हंगाम एप्रिल-मे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि आसपासच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी महामार्गाच्या कडेला परराज्यातला आंबा "रत्नागिरी" म्हणून विकला जातोच, पेटीवर छापायला काय लागतं? बागायतदाराच्या घरून घ्या. देठाजवळ वास घ्या. पिकलेल्या हापूसचा घमघमाट हातभर अंतरावरून येतो. प्रवासाला मात्र तयार आंबा नको, कडक घ्या आणि घरी आढी लावा. उन्हात बंद गाडीत पेटी ठेवून फिरायला गेलात तर परत येईपर्यंत आमरस.

हंगाम नसेल तर राम आळीत आंबापोळी, फणसपोळी, काजू. आंबापोळी बोटाने वाकवून बघा, चिवटपणे वाकली तर घ्या, तुटली तर जुनी.

परत कधी निघायचं?

रविवारी सकाळी समुद्रावर जाऊन, लवकर जेवून, साडेबाराला गाडीत बसा. घाट उजेडात चढून होतो आणि नऊच्या आत घरी. "सूर्यास्त बघून निघू" म्हणणारे सोमवारी ऑफिसात कसे दिसतात, ते मी बघितलंय. सुट्टी असेल तर एक जास्तीचा दिवस घ्या आणि जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवून गुहागरमार्गे चिपळूणला या. शास्त्री नदीची खाडी ओलांडताना गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहायचं, मोठी माणसंसुद्धा तेव्हा लहान होतात.

तुमच्यासाठी काय आणू?

कोकमाचं आगळ, एक बाटली. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा लावून वरून दोरा बांधायला सांगा, बाटली उभी ठेवा आणि पायाशी धरून आणा. डिकीत आडवी टाकू नका. आमच्या जुन्या गाडीच्या डिकीतला लाल डाग सहा वर्षांत गेला नव्हता, आणि गाडी विकताना गिऱ्हाईकाने पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच विचारला.